कवठाचा आवाज

महाशिवरात्रीच्या आदल्या संध्याकाळी मिरजेच्या लक्ष्मी मार्केटबाहेर एक म्हातारी बाई गोणपाट अंथरून बसली होती. गोणपाटावर थोडी रताळी, बेलाच्या पानांच्या जुड्या आणि कडेला सात-आठ कवठं. मी घाईत होते. रताळी पिशवीत टाकली आणि उभ्या उभ्याच म्हटलं, "मावशी, दोन कवठं द्या." तिनं मान वर केली. "उद्याला पायजेत न्हवं?" मी हो म्हटल्यावर तिनं एक कवठ उचललं, वीतभर वर धरलं आणि फरशीवर सोडून दिलं. ते टण्णकन वाजलं आणि उसळलं. तिनं ते बाजूला ठेवलं. दुसरं सोडलं, तेही उसळलं. तिसरंही तसंच. चौथं मात्र पडलं तिथेच बसलं. ओल्या शेतात ढेकूळ पडावं तसा, आतल्या आत मिटलेला आवाज. ते माझ्या हातात देत म्हणाली, "ह्ये उद्याचं." मग बाजूला ठेवलेल्यांतलं एक उचलून, देठापाशी हुंगून दिलं. "ह्ये तांदळात ठिवा. पंदरा दिसानं फोडा. आदी न्हाई." मागे एक जण मोठं, गुळगुळीत दिसणारं कवठ मागत होता, त्याला तिनं सरळ सांगितलं, ते उद्या खाता यायचं नाही, देणार नाही. मी पैसे दिले. सुटे मोजता मोजता ती म्हणाली, "फुडल्या वर्साला आमच्याकडं नसनार कवठं, अक्का."

मी "बरं" म्हटलं आणि निघाले.

राजगिरा घ्यायचा होता, दूध घ्यायचं होतं, रिक्षा मिळत नव्हती. घरी येऊन पिशवी रिकामी करताना ते वाक्य पुन्हा कानात वाजलं आणि मग रात्रभर वाजत राहिलं. का नसणार? एवढं एकच विचारायचं होतं. ज्या बाईनं माझा उपवास बिघडू नये म्हणून उसळणारी कवठं बाजूला ठेवली, तिला मी "बरं" म्हणाले.

आपटून बघायची ही रीत मी पहिल्यांदा आजोळी पाहिली. आजोळ कृष्णेकाठचं. परड्याच्या टोकाला कवठाचं एक जुनं झाड होतं, खडबडीत काळपट खोडाचं, फांद्याफांद्यांवर सरळ टोकदार काटे. त्याची पानं चुरगाळली की बडीशेपेसारखा वास यायचा. कवठ लिंबाच्या कुळातलं, हे मला शाळेत कळलं; पण पान चुरगाळून हुंगणाऱ्याला ते आधीच अर्धं कळलेलं असतं. झाडावरून उतरवलेली फळं आजी एकेक करून जोत्याच्या दगडावर सोडायची आणि आम्हा पोरांना डोळे मिटून ऐकायला लावायची. उसळलं की कच्चं, बसलं की तयार. जी उसळत ती काही दिवस पत्र्यावर उन्हात राहायची आणि मग ज्वारीच्या कणगीत पुरली जायची. पुढचे आठ-पंधरा दिवस आम्ही कणगीभोवती घुटमळायचो. एके दिवशी माजघरात शिरलं की वास यायचा. तो वास मला आजही नीट सांगता येत नाही. आंबलेल्या गुळाचा, त्यात चिंचेचा, त्याच्याही खाली ताक घुसळून ठेवलेल्या रवीचा ओला आंबूसपणा. आईच्या माहेरची माणसं त्या वासानं हरखायची आणि बाबा खिडक्या उघडायचे. कवठाच्या बाबतीत मधलं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

फोडायचं काम आजीचंच. उंबऱ्यावर फोडायचं नाही, पाट्यावर तर नाहीच, परसातल्या धुण्याच्या दगडावर. दोन घाव, तिसऱ्याला भेग. कवची पाव इंचाची, आतून पांढुरकी, आणि तिला चिकटलेला तो गडद तपकिरी गर. पाहिल्यावर पहिल्यांदा खाणाऱ्याला वाटावं, हे नासलेलंच आहे. दोऱ्यासारखे तंतू, त्यांत अडकलेल्या शेकडो बारीक बिया, सगळं चिकट. आम्हा मुलांच्या वाटचं कवठ आजी पूर्ण फोडत नसे. देठाकडे रुपयाएवढं भोक पाडायची, त्यात किसलेला गूळ, चिमूटभर मीठ, तिखट घालायची आणि हातात एक काडी द्यायची. कवचीच वाटी, कवचीच खलबत्ता. दुपारभर घोटायचं आणि काडी चाटायची. जिभेवर आधी गूळ यायचा, लगेच आंबट, मग घशाशी तुरट, आणि बिया दाताखाली फुटल्या की एकदम खोबऱ्यासारखी स्निग्ध चव. रिकामी कवची धुऊन, घासून आजोबा ठेवून घ्यायचे. त्यांची तपकीर अशाच एका कवचीच्या डबीत असे. लहान लहान हातांनी ती डबी उघडली की आधी कवठ आणि मग शिंक.

उपवासाच्या चटणीचं माप आमच्याकडे कधी लिहिलं गेलं नाही. गराइतका गूळ असं सांगतात, पण ते फळावर आहे. काही कवठं मोठी आणि अंगची गोड असतात, काही लहान आणि दात आंबवणारी, पण नुसत्या आकारावरून खात्री देता येत नाही. म्हणून गर चाखून मगच गूळ चिरायचा. जिरं भाजून, भरड कुटून. लाल तिखट, मीठ. बिया काढायच्या की नाहीत यावर घरोघरी दोन पक्ष. मी बिया ठेवणाऱ्यांपैकी. मिक्सरमध्ये एकजीव केलेली चटणी दिसायला छान दिसते, पण तिच्यात ते दाताखालचं फुटणं नसतं, आणि जास्त फिरवलं तर फुटलेल्या बियांची कडसर चव उतरते. वरवंट्यानं चार हात ओढले की पुरे. यंदाही तशीच केली. वऱ्याच्या तांदळाबरोबर, दाण्याच्या आमटीबरोबर. सगळे बोटं चाटत होते आणि मी त्या म्हातारीचं वाक्य चघळत होते.

कच्च्या कवठाची मात्र एक वेगळी आठवण आहे. मिरज गाण्याचं गाव. गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथे येऊन राहिले, त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाला आजही गाणं होतं, आणि तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत भोपळ्यांच्या राशी असतात. मी लहानपणी एका बाईंकडे गाणं शिकायला जायचे. वाटेवर झाड होतं. एकदा हिरवं कवठ मीठ लावून खाल्लं आणि शिकवणीला बसले. खर्जाचा सा लावला तर घसा आतून कुणीतरी आवळून धरल्यासारखा. बाईंनी तंबोरा खाली ठेवला आणि विचारलं, "कवठ खाल्लंस?" त्यांना कसं कळलं, याचं मला कितीतरी वर्षं नवल वाटायचं. पुढे एका वैद्य मैत्रिणीनं चरकसंहितेतली ओळ दाखवली. सूत्रस्थानात फळांची जंत्री आहे, तिथे कच्च्या कवठाला सरळ 'कण्ठघ्न' म्हटलंय, कंठाचा घात करणारं. त्याच ओळीत ते 'ग्राहि' आहे असंही म्हटलंय, म्हणजे पातळ झालेलं पोट आवरून धरणारं. आणि तेच फळ पिकलं, की दोष घालवणारं, तोंडाला रुची आणणारं, फक्त पचायला जड. एकाच फळात एवढं अंतर, आणि मधे फक्त कणगीतले पंधरा दिवस.

पोट आवरून धरण्याचं म्हणाल तर ते मी पाहिलेलं आहे. धाकट्या भावाला एका पावसाळ्यात संग्रहणीसारखं झालं होतं, काही खाल्लं की लगेच उठावं लागे. डॉक्टरांचं औषध चालूच होतं. त्याबरोबर गावच्या वैद्यांनी कपित्थाष्टक चूर्ण दिलं. नावातच कपित्थ, म्हणजे कवठ. बाकी सुंठ, मिरी, पिंपळी, डाळिंब अशी मंडळी. भाऊ बरा झाला तो कशानं, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मात्र आजी दोन्ही औषधांच्या वेळा सारख्याच काटेकोरपणे पाळत होती आणि आंबट-तुरट चूर्ण भाऊ आवडीनं चाटत होता, एवढं आठवतं. आज कुणी त्यामागचं कारण विचारलं तर कळण्यासारखं आहे. कच्च्या कवठात टॅनिन भरपूर, तेच घशाला आवळतं आणि तेच आतड्याला. गरात पेक्टिन आहे, तंतू आहेत.

अलीकडे मात्र फोनवर कवठाबद्दल जे फिरतं त्यानं मन खिन्न होतं. कवठ खा आणि मधुमेह पळवा, कवठ खा आणि मूत्रपिंड स्वच्छ करा. उंदरांवर काही प्रयोग झालेत, हे खरं. पण त्यांतला अर्क म्हणजे आपली गूळ घालून केलेली चटणी नव्हे, आणि माझ्या ओळखीच्या एका काकांनी असाच निरोप वाचून गोळी कमी केली होती. कवठावर माझं प्रेम आहे म्हणूनच हे सांगावंसं वाटतं. त्याच्या अंगी आहे तेवढंच पुरेसं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅम गरात १३० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ११० मिलिग्रॅम फॉस्फरस दिलंय, फळाच्या मानानं हे चांगलंच. आणि एवढं आंबट असूनही क जीवनसत्त्व जेमतेम ३ मिलिग्रॅम. लिंबाच्या कुळातल्या फळाकडून ही अपेक्षा नव्हती. तक्ता वाचताना मला त्या आकड्याचं वाईट वाटलं, जणू घरातल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात एका विषयात कमी गुण दिसावेत.

आजोबांना वैद्यकापेक्षा सुभाषितांत रस. कवठ फुटलं की ते हमखास म्हणायचे, लक्ष्मी येते ती नारळातल्या पाण्यासारखी, कुठून आली कळत नाही. आणि जाते ती 'गजभुक्तकपित्थवत्', हत्तीनं खाल्लेल्या कवठासारखी. हत्ती कवठ अख्खं गिळतो आणि ते अख्खंच बाहेर पडतं, वरून धड, आतून पोकळ, अशी जुनी समजूत. काही जण म्हणतात, हा गज म्हणजे हत्ती नव्हेच, कवठ आतून पोखरणारा एक किडा आहे. लहानपणी मला हत्तीच हवा असायचा. हत्ती कवठं आवडीनं खातात, हे तर खरंच आहे. म्हणून तर गणपतीच्या श्लोकात 'कपित्थजम्बूफल' आलं. आपण त्याला एकवीस मोदक देतो आणि कवठ विसरतो. तेलुगू घरांत विनायकचवितीला देवावर पालवेल्ली टांगतात, तिच्या चौकटीला इतर फळांबरोबर वेलगपंडू, म्हणजे कवठही, बांधलेलं असतं. भाद्रपदात ते कच्चंच असणार. पण निदान ते तिथे असतं.

मिरजेत राहायचं म्हणजे अर्धा कान कानडीकडे. शेजारच्या काकू रामनवमीला पानक करायच्या. गर पाण्यात कोळून, गाळून, गूळ आणि वेलदोडा घालून. चैत्राच्या उन्हातून आलं की तांब्याच्या भांड्यातलं ते गढूळ, थंड पाणी. त्या त्याला 'बेलद हण्णु' म्हणायच्या आणि माझी आई दर वर्षी गोंधळायची, कारण आमचा बेल तो त्यांचा बेल नव्हे. महादेवाला वाहतो तो बेल तीन पानांचा. कवठाला एका देठावर पाच-सात बारकी पानं. दोघंही एकाच कुळातले, दोघांचीही फळं टणक कवचाची, त्यामुळे गोंधळ भाषेपुरता राहत नाही, बाजारातही होतो. पुढे आई पुण्याहून कवठाची जेली शिकून आली. अर्धकच्च्या फळांचा गर उकळून फडक्यातून टांगून ठेवायचा, पिळायचा नाही, आणि थेंब थेंब पडलेल्या रसात साखर घालून आटवायचं. वेगळं काही न घालता ती सुरीनं कापता येईल इतकी घट्ट होते. काचेच्या बरणीतली ती लालसर, उन्हात धरली तर आरपार दिसणारी जेली मी जपून खायचे. आणि नरसोबाच्या वाडीला गेलं की पादुकांचं दर्शन झाल्यावर कवठाची बर्फी ठरलेली. खव्याचा गोडवा जिभेवर पसरतो न पसरतो तोच मागून आंबटाचा एक हलका चुटका. वाडीचे पेढे, बासुंदी सगळे घेतात. बर्फी हातात घेऊन हुंगणारा दिसला की मला तो आपल्यातला वाटतो.

कवठी चाफ्यालाही त्याचंच नाव. गावांनाही त्याचं नाव. आमच्याच जिल्ह्यात कवठे महांकाळ, कवठे एकंद. तिकडे शिरूरला कवठे यमाई. एके काळी झाडावरून गाव ओळखलं जात असेल तर किती झाडं असतील. यंदा एकदा कवठे महांकाळवरून बसनं जाताना मी खिडकीतून शोधत होते. द्राक्षांचे मांडव दिसले, डाळिंब दिसलं, बाभळी दिसल्या. कवठ दिसलं नाही. माझी नजर चुकली असेल.

बी लावलं तर पहिलं फळ धरायला पंधरा एक वर्षं लागतात, हे वाचलं तेव्हा आजोळच्या झाडाचा हिशेब मनात सुरू झाला. ते पणजोबांनी लावलं म्हणतात. त्यांनी त्याची चटणी कितीदा खाल्ली असेल? आजोळचं घर विकलं तेव्हा मी तिशीत होते. सामान ट्रकमध्ये चढत होतं, आणि परड्यात गेले तर खाली गळलेली कवठं पडलेली. मी एकही उचललं नाही. हातात पितळेचे डबे होते.

तांदळाच्या डब्यातलं दुसरं कवठ मी रोज बघत होते. पहिले आठ दिवस काहीच नाही, दगड. दहाव्या दिवशी डबा उघडताना किंचित आंबूस झुळूक आली. पंधराव्या दिवशी स्वयंपाकघरात पाऊल टाकताच कळलं. ओट्याच्या दगडावर वीतभर उंचीवरून सोडलं. बसलं. त्या आवाजानं मला एकदम आजीची आणि त्या म्हातारीचीही आठवण आली. चटणी केली, एका छोट्या डब्यात भरली आणि संध्याकाळी लक्ष्मी मार्केटला गेले. ती त्याच जागी होती. गोणपाटावर आता चिंचेचे गोळे आणि चार कैऱ्या. तिनं मला ओळखलं की नाही कोण जाणे. मी खाली बसले आणि पंधरा दिवस उशिरानं विचारलं, "मावशी, पुढच्या वर्षी कवठं का नसणार?"

"झाड न्हाई आता," ती म्हणाली. "बांदावर हुतं. सासऱ्याच्या बानं लावल्यालं. वाटण्या झाल्या, मोजनी आली, झाड दिराच्या अंगाला ग्येलं. त्येचा ऊस हाय. सावली पडती म्हनून काडलं." चिंचेवर बसलेली माशी तिनं पदरानं उडवली. "फांद्या दिल्यात की मला जळनाला. पाला वाळलाय, पर हातात चुरला की अजून वास येतुय." मी काय बोलणार? तिच्या आवाजात तक्रार नव्हती, रडणं नव्हतं, आणि त्यामुळे मला आणखीच जड झालं. शेवटी मी डबा पुढे केला. तुम्ही तांदळात ठेवायला सांगितलेलं, त्याची केली, म्हटलं. तिनं झाकण काढलं, आधी हुंगलं, मग बोटानं चटणी घेऊन जिभेवर ठेवली. डोळे मिटले. बराच वेळ तोंड हलत होतं. बिया फुटत असणार.

"गूळ कमी पडला," ती म्हणाली. "आमच्या बांदावरचं आंबट असतंय. त्येला गूळ जास्ती लागतुय."